हात खालीच होता

टक असा आवाज यायला हवा होता, तो आला नाही. नारिंगी जाकिटाच्या पट्ट्याचं ते काळं प्लास्टिकचं बकल, त्याला नखाएवढे दोन दात. प्रभाकररावांनी अंगठ्यानं पुन्हा दाबलं — एक दात बसला, दुसरा बाहेरच. पस्तीस वर्षं हार्डवेअरचं दुकान चालवलं, कुलपं, कड्या, बिजागऱ्या डोळे मिटून बसवून दाखवल्या गिऱ्हाइकांना, आणि आता हे खेळण्यातलं बकल ऐकत नाही. शेंगू त्यांच्या मांडीवर आडवी पडून निमूट बघत होती. तिचे पुढचे पाय घट्ट, तयार. मागचे दोन सैल, दुसऱ्या कुणाचे तरी आणून लावल्यासारखे. तिसऱ्यांदा दाबल्यावर टक वाजलं. त्यांनी पट्टा ओढून पाहिला, मग पुन्हा ओढून पाहिला, आणि आपण किती वेळा ओढतोय हे रुख्मिणीबाई स्वयंपाकघराच्या दारातून मोजताहेत हे त्यांच्या लक्षात आलं.

“पोट्टी डुबली तर रुचिकाले तोंड दाखवू नका,” त्या म्हणाल्या.

“डुबत नाई.”

“तवाही असंच म्हणलं होतं तुमी.”

एवढं बोलून त्या आत गेल्या. या घरात ‘तवा’ म्हटलं की कोणता दिवस, हे बत्तीस वर्षांत कुणाला विचारावं लागलं नव्हतं.

शेंगू नातीची कुत्री. भुईमुगाच्या शेंगेसारखी लांबट आणि तपकिरी म्हणून रुचिकानंच ते नाव ठेवलं होतं. रुचिका सुट्टीत मामाकडे हिंगणघाटला गेली आणि चौथ्या दिवशी सोफ्यावरून उतरताना हिचे मागचे पाय बसले ते बसलेच. जनावरांच्या डॉक्टरांनी मणक्यावर बोट फिरवत सांगितलं, लांब पाठीच्या कुत्र्यांना हे होतं. पाण्यात अंगाचं वजन राहत नाही, तिथे पाय हलवेल. पंधरा दिवस करून पाहा. हलवले तर ठीक, नाही तर गेले असं धरून चाला. फेकायचं नाही, घाई करायची नाही, पोटाखाली हात ठेवायचा. “आणि हात काढाल तेव्हा तिच्या समोर उभे राहा. तुमचं तोंड तिला दिसलं पाहिजे, नाही तर घाबरेल.” प्रभाकररावांनी तेव्हा हेमराजकडे पाहिलं होतं. एकेचाळीस वर्षांचा त्यांचा मुलगा भिंतीवरची गोचिडांच्या औषधाची जाहिरात वाचत होता, अगदी मन लावून.

मग सहा दिवस न्हाणीघरात टब. पहिल्या दिवशी फक्त पंजे बुडतील एवढं पाणी आणि उकडलेल्या अंड्याचे तुकडे. दुसऱ्या दिवशी घोट्यापर्यंत. तिसऱ्या दिवशी तिनं त्यांच्या मनगटाला नखं लावली ती अजून दुखत होती. पण टबात तिचं पोट तळाला टेकायचं, पाय हलवायचं तिला काही कारणच नव्हतं. खोल पाणी लागणार होतं. खोल पाणी म्हटल्यावर त्यांच्या मनात आधी केळझर आलं, जुने स्नेही नानाजींचं शेत, आणि ते नाव त्यांनी दोन दिवस तोंडातून काढलं नाही. शेवटी हेमराजच जेवताना म्हणाला, नानाजीकाकांच्या हौदात काऊन नाई नेत? पोळीचा तुकडा मोडत, वर न बघता.

गाडी हेमराज चालवत होता. सिंदी मेघेहून निघून वर्धा ओलांडलं. मग पवनारचा पूल आला आणि नेहमीसारखे हेमराजचे हात स्टेअरिंगवर घट्ट झाले, नजर सरळ समोर. धामचं पात्र उन्हाळ्यानं आटून खडकांच्या मधे डबकी उरली होती, तरी तो बघणार नाही. त्याच्या लग्नात, वरमाला घालायच्या वेळी, पुढं हो म्हणून मी त्याच्या पाठीला हात लावला होता — सगळ्या मांडवासमोर त्याची पाठ ताठ झाली, लाकडासारखी, आणि मी हात काढून टाळ्या वाजवायला लागलो. रुचिका झाली तेव्हा दवाखान्याच्या व्हरांड्यात तसंच. माणसाचं तोंड खोटं बोलतं, आपलं तर बोलतंच, पण पाठीला ते जमत नाही… शेंगू मांडीवर थरथरायला लागली होती. गाडीची थरथर असेल, त्यांनी मनाशी म्हटलं, आणि तिच्या बकलवर पुन्हा अंगठा दाबून पाहिला.

केळझरला त्यांचं बालपण गेलेलं, आणि दुकानासाठी गाव सोडल्यावरही दर उन्हाळ्यात ते इथे यायचे ते नानाजींच्या विहिरीसाठी. त्या विहिरीत त्यांनी चाळीसेक पोरं पोहायला शिकवली. रीत ठरलेली. तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा, तोंड झाळून बंद केलेला, पोराच्या पाठीला दोरीनं बांधायचा आणि पोराला पाण्यात सोडायचं. डबा वर धरतो, पोरगं हातपाय मारतं. आठ-दहा दिवसांत हातपाय नीट पडायला लागले की एक दिवस गुपचूप सरकगाठ मारायची, आणि पोरगं मधोमध पोचलं की ती ओढून डबा अलगद काढून घ्यायचा. न सांगता. काठावर बसलेल्या सगळ्यांना ठाऊक, फक्त पोहणाऱ्याला नाही. सांगितलं की भीती शिरते, भीती शिरली की अंग जड होतं — हे सगळेच मानत, कुणी तपासलं नव्हतं. पोरगं पलीकडच्या पायरीला लागलं की काठावर एकच ओरडा, गूळ-खोबरं, आणि त्या डब्याला पोरानं एक लाथ मारायची. फसवलं म्हणून कुणी रागावलं नाही. उलट सांगत फिरायची कार्टी, मले माईतच नाई पडलं!

हेमराज नऊ वर्षांचा होता. मी गाठ ओढली, डबा मोकळा झाला, आणि तो चार हात गेला. सुरेख गेला. मी विहिरीच्या पायरीला टेकून पाण्यात उभा, आणि वरून नानाजीनं विचारलं, प्रभाकरराव, गिरडच्या जत्रेले कधी निघाचं? मी वर पाहिलं. काहीतरी बोललो, सगळे हसले, मीही हसलो — काय बोललो ते आता आठवत नाही, एवढं हसण्यासारखं काय होतं त्यात… खाली पाहिलं तर पोराचा एक हात मागे पाठीवर डबा चाचपत होता आणि डोळे माझ्याकडे. माझ्या वर केलेल्या, हसणाऱ्या तोंडाकडे. मग डोळेही नव्हते.

“हात खालीच होता माझा, बोटभर अंतरावर. भेला उगाच.” हे त्याच संध्याकाळी रुख्मिणीला सांगितलं, मग शेजारी, मग दुकानात, मग इतक्या वेळा की पुढं पुढं आठवताना तळहाताला खरंच पोराचं पोट लागायचं. नऊ वर्षांच्या पोराचं ओलं, गार पोट. खरं तर तो हात पायरीच्या दगडावर होता. आणि बुडी एक नव्हती, दोन होत्या. पहिल्या बुडीत हाताला नुसतं पाणी लागलं, हिरवं, काळं पाणी. दुसऱ्या बुडीत केस लागले. काठावरच्यांना वाटलं एकच. मधे मी श्वासापुरता वर आलो ते कोपऱ्यातल्या सावलीत. ते कुणालाच ठाऊक नाही.

नानाजी आंब्याखाली बाजेवर बसले होते, पंच्याहत्तरी उलटलेले, कानानं अर्धे गेलेले. विहिरीवर आता लोखंडी जाळी होती आणि जाळीवर वाळत घातलेल्या मिरच्या. तिथून वीसेक पावलांवर हौद — सिमेंटचा, तीन पायऱ्यांचा, छातीएवढं पाणी.

“हेमराज, तुह्या बाबानं या हिरीत आखं गाव पोहाले शिकवलं,” नानाजी मोठ्यानं म्हणाले. “एक पोट्टं नाई डुबलं. तू तेवढा भेलता. अरे, हात खालीच होता याचा, मी काठावरून पाह्यला ना आपल्या डोयानं!”

“हो काकाजी,” हेमराज म्हणाला.

प्रभाकररावांना वाटलं, मिरच्यांचा ठसका लागतोय. खोटं आपण बोललो आणि साक्ष हा बिचारा देतोय, तीही मनापासून. त्यांनी सदरा काढला, शेंगूला छातीशी धरलं आणि पहिली पायरी उतरले. हेमराजनं जाकिटाच्या कडीला दोर बांधला, दुसरं टोक मुठीत घेतलं आणि काठापासून दोन हात दूर उभा राहिला. त्यानं चपला काढल्या नव्हत्या.

पाणी कोमट होतं. दुसऱ्या पायरीला तिचे पंजे भिजले, तिसरीला पोट, आणि तिनं एकदम चारी पायांनी — नाही, दोनच — त्यांच्या दंडाला मिठी मारली. काळीज कुत्र्याचं केवढं असेल, पेरूएवढं? ते सगळं त्यांच्या तळहातावर उडत होतं. थांबले. अंड्याचा तुकडा दिला, तिनं घेतला नाही. पुन्हा थांबले. “कायले भेतं, बाई, मी हाये ना,” असं ते म्हणाले आणि स्वतःचेच शब्द कानाला लागले. मग एक हात पोटाखाली ठेवून त्यांनी तिला पाण्यावर आडवं केलं. पुढचे पाय फटाफट चालले, तोंडावर पाणी उडालं. मागचे नुसते लोंबत होते, भिजलेल्या सुंभासारखे. एक फेरी. दुसरी फेरी. चौथ्या फेरीला त्यांचा खांदा भरून आला. पंधरा दिवसांतले सहा गेले, आज सातवा. रुचिका रोज फोनवर विचारते, चालली का? आणि ते रोज सांगतात, चालेल, चालेल… आपल्याला काय, सांगायची सवयच आहे.

मग मनगटाला काहीतरी लागलं. कोवळं, हलकं. त्यांना वाटलं पाणी. पुन्हा लागलं.

“हालला,” काठावरून हेमराज ओरडला. “बाबा, डावा हालला!” तो काठाशी आला होता. अगदी काठाशी.

पाय पुन्हा हलला, मग अर्धवट उजवाही. हात खाली होता तोवर ती अंग हातावर टाकत होती; हे त्यांना तळहातानंच कळलं, चाळीस पोरांच्या पोटांनी शिकवलेलं. आता हात काढावा लागणार. काढला नाही तर पाय पुन्हा निजतील. काढला आणि… ते चालत तिच्या समोर आले, लांबवलेला हात पोटाखाली तसाच, तोंड तिच्या तोंडासमोर. हेमराज आता त्यांच्या पाठीमागे होता. दोर त्यांच्या दंडाला घासत मागे गेला होता. शेंगूचे डोळे त्यांच्यावर होते, गोल, काळे, पाण्यानं भरलेले.

“हात हाये ना खाली?” मागून हेमराजनं विचारलं.

साधा प्रश्न होता, कुत्रीबद्दलचा. उत्तर जिभेवर तयार होतं, बत्तीस वर्षं तयार होतं, आणि या वेळी ते खरंही होतं.

“हाये,” ते म्हणाले. “आत्ता हाये.” त्यांनी बोटं तिच्या पोटाखाली पसरली. “तवा नव्हता, हेमू.”

शेंगूच्या नाकावरचं पाणी त्यांनी दुसऱ्या हातानं पुसलं.

“पायरीवर होता हात. मी वर पाहून हासून राह्यलतो. आन् बुडी… एक नाई, दोन मारा लागल्या.”

“जमलं का?” आंब्याखालून नानाजींनी विचारलं. “काय म्हणते कुत्री?”

वळून बघावं असं त्यांना आतून इतकं वाटलं की मान दुखायला लागली. पण शेंगू बघत होती, एकटक, आणि तिच्यासमोरून तोंड हलवायचं नव्हतं. हेमराजच्या चेहऱ्यावर काय आहे? रागावला असेल तर बरं. पण त्याला ठाऊकच असेल तर? त्यानं तर पाहिलं होतं ना, माझं तोंड. मग इतकी वर्षं त्यानं ‘हो काकाजी’ कुणासाठी म्हटलं… दंडावरचा दोर हळूच सरकला. ढील निघाली, आणि दोर ताणला जाऊन स्थिर राहिला.

“दोर हाये माह्या हातात,” हेमराज म्हणाला. आवाज रोजचा, दुकानात माल आहे की नाही सांगावं तसा. “सोडा तुमी.”

एवढंच म्हणाला. कुत्रीबद्दल म्हणाला असेल. कुत्रीबद्दलच.

“सोडतो बाई,” प्रभाकरराव शेंगूला म्हणाले, मोठ्यानं, नीट ऐकू जाईल असं. “आता सोडून राह्यलो. पाह्य माह्याकडे.” आणि त्यांनी हात खाली नेला, एक बोट, दोन बोटं, वीतभर. ती खचली, नाकापर्यंत आली, तिचे डोळे मोठे झाले — आणि मागचं पाणी ढवळलं गेलं, वेडंवाकडं, पण दोन्ही बाजूंनी. ती पुढे आली. अर्धा हात असेल. त्यांचा तळहात पाण्याखाली उताणा, रिकामा, तिच्या मागोमाग सरकत होता आणि त्यांना तो वर काढवत नव्हता.

पाठीमागे पायरीवर पाणी वाजलं. हेमराज उतरला, की दोर ढिला पडून पाण्यावर आपटला, कळायला मार्ग नव्हता. शेंगू बघत होती, मान वळवता येत नव्हती. प्रभाकररावांना एकाएकी जाणवलं की आपली उघडी पाठ ताठ झाली आहे, मानेपासून कमरेपर्यंत, लाकडासारखी. त्या पाठीवर आता कुणाचा तरी हात पडणार आहे, किंवा नाही पडणार, आणि दोन्हीची तेवढीच भीती वाटते आहे. पाणी पुन्हा वाजलं, या वेळी जरा जवळ. ते हलले नाहीत.