प्रसादाचा पाव

चर्चच्या प्रसादाचा पाव भाजण्याचं काम एकतीस वर्षं माझ्याकडे आहे. पीठ, पाणी, खमीर, चिमूटभर मीठ. वर लाकडी शिक्क्याने क्रूस उमटवायचा. मळताना बोलायचं नाही, मनात नाम घ्यायचं. देवाच्या आधी चाखायचं नाही. प्यायला आताशा सगळे टाकीचं पाणी घेतात. प्रसादाला मात्र डॅन्यूब नदीचंच; ती आमच्या गावापुढेच समुद्राला मिळते. आदल्या दिवशी आणून रांजणात निवळत ठेवलं, गाळ खाली बसला, की नदीच घरात येऊन झोपल्यासारखी वाटते.

त्या उन्हाळ्यात पाऊस पडलाच नाही. नदी इतकी संथ झाली, की काठचा बगळाही तिच्याकडे बघत पेंगायचा. आणि लागोपाठ दोन रविवार पाव खारट झाला.

"वहिनी, मीठ दोनदा घातलंस, की या वयात प्रेमात पडलीस?" माझी नणंद अकुलिना चर्चच्या पायरीवर म्हणाली. बायका खुदखुदल्या.

आमचे धर्मगुरू बाबा इओआकिम हसले नाहीत. "फेव्रोनियाबाई, थकला असाल. येत्या रविवारीही असंच झालं, तर शिक्का अकुलिनाकडे देऊ या."

सासूबाईंनी जाताना माझ्या मुठीत दिलेला शिक्का तो. तो गेला तर पहाटे उठायचं कशासाठी?

शुक्रवारी, उपासाच्याच दिवशी, मिठाचा डबा मी अकुलिनाच्या फळीवर नेऊन ठेवला.

"अगं बाई, रुसलीस?"

"नाही गं. आता चुकायलाही माझ्या घरात मीठ नको."

शनिवारी मळता मळता डोळा लागल्यासारखं झालं. समुद्र अनवाणी पावलांनी नदीच्या तळातून आमच्या धक्क्यापर्यंत चालत येत होता. वर गोडं पाणी झोपलेलं. त्या पाण्याला पत्ताच नव्हता.

रविवारी प्रार्थनेनंतर बाबांनी तुकडा तोंडात घातला. चेहरा उजळला. "आज मीठ अगदी बेताचं. शिक्का राहू द्या तुमच्याकडेच."

अकुलिनाच्या चेहऱ्याचा रंग उडाला. "बाबा, मीठ घातलेलंच नाही. डबा माझ्याकडे आहे."

मग उरलं फक्त पाणी. आम्ही सगळे धक्क्यावर गेलो. बाबांनी ओंजळ भरली, घोटभर प्यायले. "खारं आहे," म्हणाले. मग हळूहळू एकेक नाव घेऊ लागले: वरची धरणं, शेतांकडे वळवलेले कालवे, जहाजांसाठी खोल उकरलेलं मुख, न आलेला पाऊस. माळ ओढावी तसे.

चूक माझी असती तर चाळीस दिवसांचा उपास करून फेडली असती.

शिक्का माझ्याकडेच आहे. पीठ, पाणी, खमीर. मीठ मी आता घालत नाही.