साडेपाचच्या बसला खांदा

"उचला," बालाजी हळूच म्हणाला आणि चौघांनी तिरडी खांद्यावर घेतली.

पुढच्या डाव्या बांबूखाली शाहिस्ता होती. शेजारच्या उजव्या बांबूखाली बालाजी. पांढऱ्या कापडाखाली प्रेत नव्हतंच, होती पुठ्ठ्याची लाल बस. दोन रात्री जागून पोरांनी ती रंगवली होती आणि खरं वजन लागावं म्हणून आत विटा भरल्या होत्या. कॉलेजच्या पोरांचा म्होरक्या बालाजी, त्याचा बेत मोठा पक्का. डेपोच्या फाटकापर्यंत कुणी चकार शब्द काढायचा नाही, घोषणा नाही, फलक नाही. फाटकात गेलं की कापड ओढायचं आणि साऱ्या बाजारानं बघायचं, मेलंय कोण ते.

पुढे तिची मैत्रीण पुनम शिंकाळ्यात धुराचं मडकं धरून चालली होती. आणि काय सांगावं! बाजारपेठ खरंच उभी राहिली. हळदीच्या दुकानातल्या हमालांनी पोती खाली ठेवली. चहावाल्यानं स्टोव्ह बारीक केला. एका म्हातारीनं हात जोडले आणि शेजारणीला म्हणाली,

"पोरगा नसंल बिचाऱ्याला. पोरीनं खांदा दिलाय बघ."

पुनमला हसू आवरेना. तिचे खांदे गदगदा हलायला लागले, तशी म्हातारीनं डोळ्याला पदर लावला.

शाहिस्तालाही हसू आलं असतं, पण आज तिला हसण्याची चैन परवडणारी नव्हती. साडेपाचची बस बंद होऊन दोन महिने झाले होते. कॉलेज सुटल्यावर पोरी काळीपिवळीत कोंबून कनेरगाव नाक्यापर्यंत यायच्या आणि तिथून अंधारात चार किलोमीटर पायी. गावात दोन तट पडले होते. पोरींसाठी बस मागा, म्हणणारे थोडे. बरंच झालं, आता पोरी घरी बसतील, म्हणणारे पुष्कळ. शाहिस्ताचे अब्बा, नासेर पिंजारी, दोन्हींत नव्हते. त्यांनी घरातल्या घरात निकाल दिला होता: बस चालू झाली तर कॉलेज, नाहीतर नाही. आणि दुसऱ्या वर्षाचा फॉर्म भरायचा आज शेवटचा दिवस होता, पाच वाजेपर्यंत.

मोर्चात जातेय हे तिनं घरी सांगितलेलंच नव्हतं. अब्बा सकाळीच गाद्या भरायला दुसऱ्या गावी गेले होते, म्हणून तर हिंमत झाली.

पोस्टाच्या कोपऱ्यावर मोपेड लावून एक माणूस गर्दीतून झपाझप पुढे आला. डोक्यावर रुमाल, दाढीत अडकलेला कापूस. त्यानं बालाजीच्या पाठीवर हात ठेवला, मान हलवली आणि सरळ बांबूखाली खांदा घातला. मयत दिसली की खांदा द्यायचा, चाळीस पावलं तरी चालायचं. कुणाची, कोणत्या जातीची, हे विचारायचं नाही. वडिलांनी शिकवलेलं नासेर आजवर चुकले नव्हते. बालाजी बावचळून बाजूला झाला. करतो काय!

शाहिस्तानं चोरून पाहिलं. दुसऱ्या गावचं काम लवकर उरकून आलेले अब्बा एका हाताच्या अंतरावर चालत होते. कॉलेजचा निळा गणवेश आणि डोळे सोडून सारं झाकणारा स्कार्फ. या उन्हात सगळ्या पोरी सारख्याच दिसायच्या. तिनं मान खाली घातली.

थोडं चालून झाल्यावर नासेर हळू आवाजात म्हणाले,

"ताई, तुमी सोडा. बायामान्सानं येवढं वजन... मी दुसऱ्या कोनाला बोलावतो."

तिनं मान हलवून नाही म्हटलं.

"वडील व्हते का तुमचे?"

ती काय बोलणार? आवाज निघाला असता तर त्यांनी ओळखलंच असतं. डोळ्यांत पाणी मात्र आलं, ते खरंखुरं आलं. नासेरना ते दिसलं.

"सबूर करा," ते म्हणाले. "बापाला पोरीनं खांदा दिला. नशीबवान मानूस."

चाळीस पावलं केव्हाच सरली होती. पण या पोरीला एकटीला सोडून जाणं त्यांच्या जिवावर आलं असावं. ते चालतच राहिले. डेपोचं फाटक आलं. पोरांच्या पाठोपाठ अर्धा बाजार आला होता. आणि बालाजीनं, ठरल्याप्रमाणे, कापड सर्रकन ओढलं.

"साडेपाचची बस!" पोरं ओरडली. "परत आना, परत आना!"

एकच गिल्ला झाला. कोणी हसलं, कोणी शिट्ट्या मारल्या, दहा-वीस मोबाईल वर झाले. पुठ्ठ्याच्या बसवर आपल्याच गावाचं नाव बघून नासेरांचा चेहरा लालबुंद झाला.

"मयतीची मस्करी करून राहिले? लाज हाय का न्हाई?"

ते खांदा काढायला लागले. तिरडी कलली. शाहिस्तानं एका हातानं तोंडावरचा स्कार्फ खाली ओढला.

"अब्बा, सोडू नका. तोल जाईल."

नासेर बघतच राहिले. त्यांचा हात बांबूवर होता, तिथंच राहिला.

तेवढ्यात डेपोचे साहेब बाहेर आले. गर्दीत पांढऱ्या दाढीचा, पुढच्या बांबूखालचा एकच वडीलधारा दिसला, त्यालाच त्यांनी गाठलं.

"चाचा, पोरांचं समजू शकतो. तुमी काहून आलात?"

सगळा गलका थांबला. चुकून आलो, एवढं नासेर म्हणाले असते तर पोरांचा सगळा खटाटोप हसण्यावारी गेला असता. खरंही तेच होतं. त्यांनी शाहिस्ताकडे पाहिलं. तिनं नजर खाली घेतली नाही.

"साहेब," नासेर म्हणाले, "ही बस चालू झाली न्हाई तर पोरीचं कॉलेज बंद, असं मी बोलून बसलो. आता मागं घेता यीना. तेवढं माझं बोलनं खोटं पाडा, म्हनून आलो."

साहेब आत गेले, अर्ज मागवला, वर फोन केला आणि कागदावर लिहून दिलं: पंधरा दिवसांत फेरी सुरू करू. पोरांनी बालाजीला उचलून घेतलं. पुनम मडक्यासकट नाचली. चहावाल्यानं पैसे न घेता चहा पाजला.

नासेर मात्र पोस्टाच्या कोपऱ्यावरची मोपेड फाटकाशी आणून उभे राहिले होते. शाहिस्ता भीत भीत जवळ गेली. आता काय ऐकावं लागणार याची तिनं तयारी केली. सगळ्या बाजारानं तिला पाहिलं होतं. संध्याकाळपर्यंत गावातही कळणार.

"किती दिस म्हनला साहेब?"

"पंधरा."

"आन् तुजा फारम?"

"आज." तिचा आवाज बारीक झाला. "पाचपर्यंत."

नासेरनी स्टँडवरच्या घड्याळाकडे पाहिलं. पाचला वीस मिनिटं कमी होती. त्यांनी गादीच्या कापसाचं गाठोडं सीटवरून काढून पुढे पायाशी घेतलं.

"अब्बा, पन बस तर अजून..."

"तोवर मी हाय की," नासेर म्हणाले, आणि गाडी कॉलेजच्या रस्त्याला वळवली.