धनेशाकडचं बाळंतपण

निशिकांत दांडेकरांनी वजनं-मापं तपासणाऱ्या खात्यात पस्तीस वर्षं काढली होती. दहा ग्रॅमची चोरी ते रस्त्याच्या पलीकडून ओळखत. असा माणूस सिंगापुरात, हौगांग भागातल्या लेकीच्या नवव्या मजल्यावरच्या घरात, मूठभर डिंकापुढे हात टेकून बसला होता.

लेकीला, मधुवंतीला, नववा लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. पण तिची आई, शुभदाबाई, दोन वर्षांपूर्वी गेल्या. म्हणून माहेरच डिंक, अळीव, बाळंतशोपा आणि शुभदाबाईंची वही घेऊन विमानाने आलं होतं. वहीत सगळीकडे एकच माप: ‘अंदाजाने’. तूप अंदाजाने, गूळ अंदाजाने. एके ठिकाणी तर ‘नेहमीच्या अंदाजाने’.

नमुन्याचा पहिला लाडू हातातून निसटला, तेव्हा खालच्या मजल्यावरचे चिनी आजोबा चौकशीला वर आले.

“बाबा, वाईट वाटून घेऊ नका,” मधुवंती म्हणाली, “इथे महिनाभर घरी राहून बाळंतिणीचं करणाऱ्या बायका मिळतात. एका आंटींना आज संध्याकाळी कळवायचंय.”

“आणि मी काय करू?”

“तुम्ही आजोबा व्हा.”

म्हणजे बिनखात्याचा मंत्री. निशिकांतराव चप्पल शोधायला लागले.

जावयाचा मित्र शिरीष दर शनिवारी पुलाउ उबीन बेटावर पक्ष्यांची घरटी राखायला जाई. त्या दिवशी त्याने त्यांना बरोबर घेतलं. बारा माणसं भरल्याशिवाय बोट सुटत नाही, हे पाहून निशिकांतरावांना देश थोडा आपलासा वाटला.

बेटावरच्या जुन्या ड्युरियनच्या झाडापाशी शिरीष थांबला. खोडात ढोली होती आणि ती चिखलाने लिंपलेली. मधे बोटभर फट.

“काका, आत धनेशाची मादी आहे. दार तिने स्वतःच लिंपून घेतलंय. पिल्लं होईपर्यंत तीनेक महिने आतच.”

“खाते काय?”

“नवरा आणून देतो.”

“सासू?”

“नाही.”

“आंटी?”

“काका, हळू बोला. शंभरावर वर्षं सिंगापुरात हे पक्षी नव्हते. मग समुद्र ओलांडून आपले आपण परत आले.”

“पासबिस न काढता?” निशिकांतराव कुजबुजले.

शिरीष उत्तर देणार, तोच आवाज आला. एखाद्या धिप्पाड माणसाने कडक इस्त्रीचं धोतर वाऱ्यावर झटकावं तसा. फांद्यांमधून काळापांढरा नर उतरला. त्याच्या हस्तिदंती चोचीवर दुसरी चोच ठेवल्यासारखी उभी होती. उन्हाचा कवडसा तिच्यावर पडला आणि निशिकांतरावांच्या तोंडातला पुढचा विनोद तिथेच राहिला.

चोच रिकामी होती. नराने मान झटकली. गळ्यातून एक लाल फळ वर आलं. उंबराएवढं. फटीत त्याने ते अलगद धरलं, आतून एक चोच आली, फळ गेलं. पुन्हा मान झटकली, पुन्हा फळ. निशिकांतराव सवयीने मोजायला लागले. अकरा. बारा. पुढे नराने एक सरडा काढला. आतून तो तसाच बाहेर ढकलला गेला. नराने तो मुकाट गिळला, क्षणभर विचार केला आणि पुन्हा फळ पुढे केलं. ते घेतलं गेलं.

त्या क्षणी निशिकांतरावांचं मोजणं चुकलं. पस्तीस वर्षांत पहिल्यांदाच. एवढीशी ढोली, तिच्यात कोंडून घेतलेला एक जीव आणि बाहेर एवढा थोरला पक्षी, वही नाही, तराजू नाही. आत काय हवंय ते आतल्याला विचारत उभा. त्यांनी नकळत हात जोडले. शिरीषनेही दुर्बीण खाली केली.

संध्याकाळी मधुवंती खोलीत दार लोटून पडली होती. स्वयंपाकघरात कढई चढली. थोड्या वेळाने निशिकांतरावांनी दाराच्या फटीतून एक लाडू आत धरला. आतून एका हाताने तो घेतला. जरा वेळाने अर्धा परत आला.

“तूप कमी.”

निशिकांतरावांनी तो अर्धा मुकाट खाल्ला आणि दुसरा आणला. तोही परत आला. “डिंक कच्चा राहिलाय, बाबा. फुलू द्या.” तो खाल्ला. तिसरा फार गोड निघाला, तोही खाल्ला.

चौथा आत गेला. निशिकांतराव दाराशी उभे राहिले. बराच वेळ झाला, हात बाहेर आला नाही.

“बाबा,” भरल्या तोंडाने आवाज आला, “माझा फोन द्या. त्या आंटींना नको म्हणून सांगते.”

“आधी खाऊन घे,” निशिकांतराव म्हणाले आणि पाचवा आणायला वळले.