चिखल्याचे तुकडे

देवीदासांनी हरभऱ्याच्या एका ढिगातून चार दाणे बाजूला सारले आणि उरलेल्यांचे बोटाने दोन भाग केले. इकडे सोळा, तिकडे सोळा. एक दाणा चिमटीत राहिला.

"तो टाकून द्या काका," नितेश म्हणाला. "एखादा जास्तीचा उरला, तं आकांक्षा टाकून देत जाय."

देवीदासांनी तो सदऱ्याच्या खिशात ठेवला. मग वही डोळ्यांपासून लांब धरून वाचलं, "तलवारीने चिखल्या मरत नाही, दुभंगतो. दोन्ही तुकडे जिवंत. दोन्ही अंगावर येतात."

"येऊ द्या," पौर्णिमा म्हणाली आणि तिने वीस बाजूंचा फासा सतरंजीवर टाकला.

दुपारचे तीन वाजले होते. अमरावतीतल्या या भाड्याच्या खोलीत देवीदासांची मुलगी चार वर्षं राहिली. एका आर्किटेक्टकडे नकाशे काढायची. दर रविवारी नितेश आणि पौर्णिमा इथे यायचे. आकांक्षा गोष्ट रचायची, राक्षस उभे करायची. हे दोघं त्या गोष्टीतले लढवय्ये व्हायचे. काय करायचं ते दोघं ठरवायचे, जमलं की नाही ते फासा सांगायचा; आकडा मोठा पडला की जमलं. गेल्या महिन्यात तिला ताप आला आणि नवव्या दिवशी ती गेली.

आज देवीदास अकोटहून तिचं सामान न्यायला आले होते. टेम्पो पाचला येणार होता. दोघं सकाळपासून त्यांना खोकी बांधू लागत होते, आणि त्यातच देवीदासांच्या हाती तिची ही खेळाची वही लागली. त्यांनीच विचारलं होतं, "खेळ अर्धा राहिला म्हणे तुमचा. कुठलोक आला होता?"

दवाखान्यात सहाव्या दिवशी तिने सांगितलं होतं, "बाबा, चिखल्या अर्धाच राहिला. रविवारी पोट्टे वाट पाहतीन माही."

"मोठी झाली तू आता," ते म्हणाले होते. "खेळ राहू दे. झोप."

तिने भिंतीकडे तोंड केलं. त्यानंतर ती नीट बोललीच नाही.

चिखल्या म्हणजे काळ्या मातीचा एक चिकट, जिवंत गोळा. 'पावसाळ्यात आपल्या वावरात पायाला धरते ना, तसा,' असं तिने पहिल्याच ओळीत लिहिलं होतं. त्याचा जीव ती हरभऱ्याच्या दाण्यांनी मोजायची. घाव बसला की दुसऱ्या, सहा बाजूंच्या फाशावर पडतील तितके दाणे काढायचे, उरलेल्यांचे दोन ढीग करायचे. बघता बघता सतरंजीवर अकरा ढीग झाले. जन्मभर शेवंतीचे वाफे राखलेले देवीदास त्या ढिगांवरून हात फिरवत, कोणता तुकडा कुठे सरकला ते सांगू लागले.

"हा मोठा तुह्या मांगून येऊन राहिला, नितेश."

"येऊ द्या काका."

घाव बसला. ढिगाचे दोन झाले. देवीदासांनी पान उलटलं. तिथे लाल शाईत लिहिलं होतं: 'चिखल्याला आग सोसत नाही. एक मशाल लावली की सगळे तुकडे एकदम वाळतात. दोघांना माहीत आहे, गुहेतल्या म्हातारीने सांगितलंय.'

त्यांनी नितेशच्या पुढ्यातल्या कागदाकडे पाहिलं. त्याच अक्षरात तिथे लिहिलं होतं, मशाली तीन.

"नितेश, मशाल आहे ना तुह्यापाशी?"

नितेशने कागद मांडीखाली सरकवला. "भिजली काका."

"तिन्ही?"

"हो."

"अन् तुह्यी, पौर्णिमा?"

पौर्णिमा दाण्यांकडे पाहत होती. "मी तलवारच मारीन काका," ती म्हणाली.

देवीदासांनी पुढचं पान उलटलं. कोरं होतं. त्याच्या पुढचंही. थुंकी लावून ते एकेक पान शेवटच्या पुठ्ठ्यापर्यंत उलटत गेले. मग परत लाल शाईच्या पानावर आले आणि त्यावर तळहात ठेवला.

"बरं," ते म्हणाले. "मार मंग."

पण ढीग लहान होतच गेले. दहा दाण्यांच्या आतला तुकडा दुभंगत नाही, पुढच्या घावात संपतो, हेही वहीत होतं. संपलेल्या तुकड्याचे दाणे देवीदास डब्यात टाकत. पाच वाजायला आले तेव्हा सतरंजीवर एकच ढीग उरला होता. सात दाण्यांचा.

पाळी पौर्णिमाची होती. फासा तिने बराच वेळ मुठीत धरला. खाली टेम्पोचा हॉर्न वाजला. मग तिने तो नुसता सोडून दिला. फासा एकदा उलटला आणि थांबला. अठरा.



"बसला," नितेश हळूच म्हणाला.

देवीदासांनी डबा जवळ ओढला. दाण्यांवर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला. मग एका बोटाने, अगदी सावकाश, त्यांनी ढिगाचे दोन भाग केले. इकडे चार, तिकडे तीन.

"तुटला," ते म्हणाले.

पौर्णिमाने नितेशकडे पाहिलं. नितेशने ओठ घट्ट मिटले होते. खाली हॉर्न पुन्हा वाजला. पौर्णिमाने ओढणीने तोंड पुसलं, फासा उचलला आणि नितेशच्या हातावर ठेवला.

"घे," ती म्हणाली. "तुही पाळी आहे."