विबकेचा सुळका

...आणि ती चिमूटभर पिवळी पूड, शर्टाच्या बटणाएवढ्या काचेपलीकडे, हिरव्या लेझरखाली अशी निवांत पडलेली, की जणू सुट्टीवरच आहे — पण विबकेला ठाऊक होतं, आत ती राबते आहे. व्हॅनेडियमचं ऑक्साइड. प्रोपेन अंगावरून वाहतो, पूड आपल्यातला ऑक्सिजन त्याला देते, हवेतून परत घेते, पुन्हा देते... हिला काम करतानाच पाहायचं. काम थांबवून पाहिलं तर काय, कोणीही शहाणंच दिसतं.

पुडीवरून परतणाऱ्या प्रकाशाचा आलेख पडद्यावर होता, आणि त्यात तिचा सुळका. प्रोपेन सोडला की उगवणारा, बंद केला की मावळणारा. तिचा सगळा प्रबंध त्या एका टोकावर उभा होता, आणि बर्लिनमधल्या या प्रयोगशाळेच्या रिवाजाप्रमाणे सहकाऱ्यांनी तिच्या डॉक्टरेटची टोपीही करायला घेतली होती — काळ्या पुठ्ठ्याची, वर तारेचा सुळका.

"बघू नकोस गं," टिलमान टोपीला डिंक लावत म्हणाला. "अजून ओली आहे."

"डोकं माझंच ना?"

"डोक्याचं माप घेतलंय. सुळक्याचं आज कळेल."

आज ती साध्या ऑक्सिजनऐवजी जड ऑक्सिजन सोडणार होती; जड अणू सावकाश थरथरतात, म्हणून त्यांची शिखरं आलेखात डावीकडे जातात. सुळका पुडीतल्या ऑक्सिजनचा असेल, तर डावीकडे सरकेल. असेल तर म्हणजे? आहेच. मी कधी चुकले आहे? लहानपणी, एम्डेनच्या घरी, फ्रिज बंद केल्यावर आतला दिवा विझतो का हे पाहायला तिने धाकट्या भावाला खालच्या खणात बसवलं होतं... "विझतो," तो बाहेर येऊन म्हणाला, "आणि सॉसेज संपलं." आत कोणी असल्याशिवाय काही कळत नाही, हे तिला तेव्हाच...

जड ऑक्सिजन गेला. बाकीची शिखरं शिस्तीत डावीकडे सरकली. तिचा सुळका तसूभरही हलला नाही.

दार बंद, दिवा बंद. दार उघडं, दिवा — तिने मान वळवली. प्रोपेनची तोटी उघडली की नियमानुसार शेजारी पेटणारा निऑनचा नारिंगी दिवा, इवलासा, थेट काचेकडे बघत.

"टिलमान, टोपी दे."

"ओली आहे म्हटलं ना!"

तिने टोपी दिव्यावर पालथी घातली. पुढच्या मोजणीत सुळका नव्हता.

टिलमानने डिंकाचं बोट पुसलं. जो चुकेल त्याने केक करायचा, हाही इथला रिवाज. "चेरीचा कर," तो हळूच म्हणाला. "चीजचा मागच्या वेळी बसला होता."

"थांब."

सुळक्याच्या जागेच्या जरा डावीकडे, इतके दिवस दिव्याने झाकलेला, एक उंचवटा होता. किंवा नव्हता, यंत्राची नुसती कुरबुर असेल. 'आहेच' हा शब्द सवयीने जिभेवर आला... तिने तो गिळला. आश्चर्य म्हणजे भीती वाटत नव्हती. उलट फ्रिजचं दार लावून, कान टेकवून, आतून भाऊ काय सांगतो याची वाट पाहतानाचं ते जुनं सुख — पूडबाई, तू सांग, मी ऐकते आहे.

दिव्याला टोपी अगदी मापात बसली होती.