सहा हजारचा पांढरा

राजदीपनं शटर खाली ओढलं, फटीला पायानं पोतं सारलं आणि भर दुपारी दोन वाजता दुकानात अंधार केला.

"आता भिंतीकडं पाहा."

लाकडी घोडीवर भंगारात गेलेल्या एका जीपचा हेडलाइट आवळून बसवलेला होता. त्यानं त्याच्या पाठीत बल्ब खोचला, वायर बॅटरीला टेकवली. चुना मारलेल्या भिंतीवर पांढराशुभ्र उजेड पडला, कडेला किंचित निळा.

"हाच," देवीलाल म्हणाला. "कितीचा हाय?"

"सहा हजारचा."

"बस. लाव गाडीले."

"थांबा ना काका. अजून दाखवतो."

"अजून कायले? बादलच्या गाडीले हाच हाय. त्याची गाडी आली का तांड्यातले कुत्रे उठून बसतेत. माही आली का बाया म्हणतेत, कंदील आला."

मागं बॅटरीच्या खोक्यावर बसलेली रुपीबाई काही बोलली नाही. तिचा उजवा गाल अजून सुजलेला होता. परवाच दाढ काढली होती आणि तोंडात लवंग धरली होती. एरवी रुपीबाई गप्प बसली तर तांड्यात माणसं चौकशीला येतात.

देवीलालची जीप कापूस वेचणाऱ्या बाया नेते. वेचणीच्या दिवसांत रोज पहाटे साडेपाचला तांड्यातून नऊ बाया भरायच्या, ज्या शिवारात वेचणी असेल तिथं सोडायच्या, दिवस कलला की परत आणायच्या. रुपीबाई त्या बायांची मुकादम. कोणाच्या वावरात जायचं, किती बाया न्यायच्या, कोणत्या गाडीत बसायचं, सगळं ती ठरवते.

मंगळवारी अरुणावती नदीच्या काठानं धुकं होतं आणि जीपचं पुढचं डावं चाक ओढ्यावरच्या मोरीच्या बाहेर गेलं. मोरीला कठडा नव्हता. दोन पावसाळ्यांपूर्वी तो वाहून गेला, तेव्हा ठेकेदारानं त्या जागी दोन दगड ठेवले, दगडांना चुना फासला आणि फोटो काढून घेऊन गेला. फोटोत कठडा आहे. बायांनी उतरून गाडी मागं ओढली, अंगावरची माती झटकली आणि वेचायला गेल्या. पऱ्हाटीवर फुटलेला कापूस कोणासाठी थांबत नाही. संध्याकाळी उतरताना मात्र बबितानं, जी गाडीत कधी तोंड उघडत नाही, सगळ्यांच्या वतीनं सांगून टाकलं. बत्ती बदल, नाहीतर सोमवारपासून आम्ही बादलच्या गाडीत.

आज शनिवार होता. बादलच्या गाडीत बाया गेल्या तर देवीलालच्या जीपवर कोंबड्या बसणार, हे त्याला कोणी सांगायची गरज नव्हती. म्हणून तो आर्णीला आला होता. आणि बल्ब बायांच्या पसंतीचा पाहिजे म्हणून रुपीबाई सोबत आली होती. "पुढं मी बसतो," ती निघताना म्हणाली होती. "काय दिसते न् काय नाई, ते मले ठाऊक."

"काका, आकडा मोठा म्हणजे उजेड मोठा, असं नसते," राजदीप सांगत होता. हे तो दिवसातून चारदा सांगतो आणि दर वेळी नव्यानं चिडतो. "हा आकडा रंगाचा हाय. तीन हजार म्हणजे पिवया. चार हजार तीनशे म्हणजे दुपारच्या उन्हासारखा. सहा हजार पांढरा. त्याच्या वर गेले का निळा. पोट्टे आठ हजार लावतेत. समोरच्याले आंधळं करतेत अन् सोता बी काही पाहत नाईत. त्यायले वाटते आपण विमान चालवून राह्यलो."

"मले भाषण नको देऊ, मिस्त्री. मले बत्ती दे."

"बत्तीच देतो. धुक्यात चालवता ना?"

त्यानं कोपऱ्यातला फवारणीचा पंप पाठीला लावला. रुपीबाईचा हात आपोआप पदराकडं गेला, पदर नाकावर आला. या जिल्ह्यात पंप पाहिला की हात असाच जातो. फवारणीच्या विषानं इथली माणसं मेली आहेत.

"भेऊ नका मावशी. यात औषध कधी गेलंच नाई. निव्वळ पाणी हाय."

त्यानं दांडा हलवला, नळी वर धरली आणि हेडलाइटच्या पुढं पाण्याचं बारीक धुकं सोडलं. भिंत गेली. सहा हजारचा उजेड दोन हातांवरच उभा राहिला, अंगणात वाळत घातलेल्या धोतरासारखा.

"आता पाहा." त्यानं बल्ब बदलला, तीन हजारचा लावला, पुन्हा धुकं सोडलं. उजेड हळदीसारखा पिवळा पडला. भिंत अंधुक दिसत होती, पण दिसत होती. तिच्या डाव्या अंगाला खडूची उभी रेघ होती.

"रेघ दिसली?"

"दिसली," रुपीबाई म्हणाली.

"दिसली ना," देवीलाल म्हणाला. जरा लवकरच म्हणाला. "पण हा पिवया आपल्याले नाई पाह्यजे. हा तं पुन्हा कंदीलच झाला. तो पांढरा लाव परत. अन् डबी दे इकडं, मी वाचून पाह्यतो. तुम्ही दुकानदार लोक सहा हजार सांगतान अन् चार हजार देसान."

राजदीपनं पुन्हा सहा हजारचा खोचला आणि डबी त्याच्या हातात दिली.

देवीलालनं आधी डाव्या डोळ्यावर तळवा दाबला आणि भिंतीकडं पाहिलं. मान हलवली. मग डबी हेडलाइटपुढं धरून नाकाजवळ नेली आणि तळवा उजव्या डोळ्यावर हलवला. त्याचा चेहरा बदलला.

"हे काय बे? हे तं पिवयं हाय!"

"काय पिवयं?"

"उजेड पिवया! डबी पिवयी! माह्यासमोर बल्ब बदलतू का?"

"म्या हात बी नाई लावला."

देवीलालनं तळवा परत डाव्या डोळ्यावर नेला आणि भिंतीकडं पाहिलं. पांढरं. तळवा उजव्यावर, डबी नाकापुढं. पिवळं. "पाह्य! पाह्य! पुन्हा बदलला! मले काय येडा समजतू? तिकडं जादू करून राह्यला अन् इकडं मले आकडे सांगते!"

राजदीप दोन्ही हात वर करून उभा राहिला, झडतीला उभं राहावं तसा.

रुपीबाईला हसू फुटलं. दाढ ठणकली तरी ती गाल धरून हसत होती. देवीलालला ती भिया म्हणायची, म्हणजे भाऊ. "भिया, मिस्त्रीचे हात वर हायेत ना. बल्ब काय दातानं बदलते तो?" आणि हसता हसता तिची नजर देवीलालच्या तळव्यावर गेली. डाव्यावरून उजव्यावर. उजव्यावरून डाव्यावर. लांबचं पाहायला एक, जवळचं पाहायला दुसरा. तिचं हसू थांबलं.

राजदीपनंही ते पाहिलं होतं. त्यानं हात खाली घेतले.

"काका, मोतीबिंदू कोणत्या डोयाचा काढला?"

"दोन्ही."

राजदीपनं त्याच्याकडं पाहिलं नाही. हातातली वायर बोटाभोवती गुंडाळत राहिला. "माह्या बापाचा एक काढला तवा तो घरी येऊन भांडला होता. अर्ध्या भिंतीले नवा चुना कोणं मारला म्हणे. बिंदू असला का पांढरं बी पिवयं दिसते. काढलेल्या डोयानं पांढरं ते पांढरं. दुसरा काढला तवा भांडण मिटलं."

पंपाच्या नळीतून पाणी थेंब थेंब गळत होतं.

मग रुपीबाईनं गोरबोलीत, तांड्यातल्या बंजारा बोलीत, विचारलं. म्हणजे ते मिस्त्रीसाठी नव्हतं. तिनं एवढंच विचारलं, आषाढात तू यवतमाळला गेला होतास, ते कुठं होतास?

देवीलालनं डबीचं झाकण उघडलं, लावलं.

होळीच्या आधी मोतीबिंदूचं शिबिर झालं होतं. शिबिरात एक डोळा फुकट असतो. दुसऱ्याची तारीख देतात. तारखेला माणूस जातो, मग पुढची तारीख देतात. असं करता करता माणसाला एका डोळ्यानं जगायची सवय लागते आणि कागदावर शिबिर यशस्वी होतं. आषाढात देवीलाल तिसऱ्यांदा गेला. तिसऱ्या दिवशी काळा चष्मा लावून तांड्यात उतरला. दोन्ही झाले, असं त्यानं सगळ्यांना सांगितलं. रुपीबाईनं त्याच्या घरी लापशी पाठवली होती, तूप जास्त घालून.

"बहिणीकडं होतो," तोही गोरबोलीत बोलला. "बोरी अरब गावाले. तारीख पुढं गेली तं तसंच तोंड घेऊन परत येऊ का? बादलनं नवीन गाडी काढलीच होती. एका डोयाच्या माणसाच्या गाडीत कोण बसली असती? तू बसली असती?"

रुपीबाई आणखी एक गोष्ट आठवत होती.

आषाढाच्या आधी ती मागंच बसायची, बायांमध्ये, आडव्या बाकावर. निंदणाच्या वेळी देवीलालनं तिच्यासाठी पुढचं डावं दार उघडलं. मुकादम हायेस तू, पुढं बस. बाया तिला कलेक्टरीनबाई म्हणायला लागल्या. तिनं ते म्हणू दिलं. नवरा होता तेव्हासुद्धा गाडीत पुढं बसायला कोणी सांगितलं नव्हतं. आणि रस्ताभर देवीलाल विचारायचा, कडेले काय हाय व? ती सांगायची. बैलगाडी हाय. मोरी आली. खड्डा हाय, इकडं दाबू नको. पोरं चाल्ली शाळेत. तिला वाटायचं, माणसाला बोलायला आवडतं. तिला स्वतःला तर आवडायचंच. पाच महिने ती त्या सीटवर बसून बोलत आली होती.

मंगळवारी दाढ ठणकत होती. तिनं तोंडाभोवती दुपट्टा गच्च बांधला होता आणि तांड्यापासून मोरीपर्यंत एक शब्द काढला नव्हता.

ती खोक्यावरून उठली.

"मिस्त्री, पिवया लाव."

"रुपीबाई, म्या पांढरा..." देवीलाल म्हणाला.

"पिवया."

राजदीपनं शटर वर केलं. आर्णीचं ऊन एकदम आत आलं आणि तिघांनीही डोळे बारीक केले. बाहेर जीप उभी होती. राजदीपनं बॉनेट उचललं, दोन्ही दिव्यांचे जुने बल्ब काढले, नवे बसवले, रबराच्या टोप्या दाबल्या. तोवर देवीलाल टपरीवर गेला नाही, बिडी पेटवली नाही. डावा डोळा मिटून उभा होता. आता लपवायला काही उरलं नव्हतं.

"लावून पाहा," राजदीप म्हणाला.

देवीलालनं बटण दाबलं. भर उन्हात दोन पिवळे दिवे लागले. असून नसल्यासारखे.

"झालं. काच पुसत जाजा रोज," राजदीप म्हणाला आणि मग जरा थांबून, हळू आवाजात, "काका, दवाखान्यात दर बुधवारी करतेत म्हणे. शिबिराची वाट पाहू नका. माह्या बापाचं मी भांडूनच करून घेतलं होतं. तुम्ही म्हणसान तं मी येतो भांडाले."

"पाह्यतो," देवीलाल म्हणाला.

तो गाडीला वळसा घालून डाव्या बाजूला आला. पुढचं दार उघडलं आणि धरून उभा राहिला, रोजच्यासारखा. सीटवर पडलेलं कापसाचं बोंड त्यानं उचलून फेकलं, हातानं धूळ झटकली.

"ये."

रुपीबाई त्या दारापर्यंत आली. सीटकडं पाहिलं. तोंडातली लवंग थुंकली. मग दारापुढून निघून गाडीच्या मागं गेली, मागचं दार ओढलं आणि आडव्या बाकावर जाऊन बसली. जिथं बबिता बसते तिथं.

"पुढं ये ना व, रुपीबाई."

तिनं पदर डोक्यावरून घेतला, गालावर दाबला.

देवीलाल थोडा वेळ उघडं दार धरून उभा राहिला. मग ते लावलं, उजवीकडं जाऊन स्टिअरिंगवर बसला. गाडी सुरू केली. समोरून एक दूधवाला गेला, मागून ट्रॅक्टर आला, कापसाच्या गाठोड्यांनी दोन्ही बाजूंना फुगलेला. ट्रॅक्टर डाव्या अंगानं घासून पुढं निघून गेला. देवीलालनं क्लच दाबला होता तो तसाच दाबून ठेवला. मान पूर्ण वळवून त्यानं डावीकडं पाहिलं. रिकाम्या सीटवरून पलीकडं.

"कडेले काय हाय व?" त्यानं विचारलं.

मागून आवाज आला नाही.

इंजिन धडधडत होतं. दिवे तसेच लागलेले होते. राजदीप हातातल्या चिंधीला हात पुसत दारात उभा होता आणि गाडी काही हलत नव्हती.

मग रुपीबाई बोलली. या वेळी गोरबोलीत नाही, मिस्त्रीलाही ऐकू जाईल अशी.

"चाल ना, भिया. बत्ती तं नवी हाय."