शांताक्कांच्या उरलेल्या गोळ्या

मी एक जुना पत्र्याचा डबा आहे, मित्रांनो. माझ्यातली बिस्किटं संपली, तेव्हा जळकोटच्या शांताक्कांनी मला घासूनपुसून देवळीत ठेवलं आणि घरातल्या उरलेल्या गोळ्या माझ्यात टाकल्या. "ह्यो डबा हाय तवर दवाखान्याची पायरी न्हाय," असं त्या शेजारणींना सांगत. मला फार अभिमान वाटे.

शांताक्कांना अधूनमधून लघवीला जळजळ व्हायची. लाजेपोटी त्या कुणाला सांगत नसत. डॉक्टरांनी पूर्वी कधीतरी दिलेल्या गोळ्या घ्यायच्या, बरं वाटलं की उरलेल्या माझ्यात टाकायच्या. संपल्या की गौरीशंकरच्या मेडिकलमधून तसल्याच आणायच्या.

यंदा मात्र गोळ्या घेऊनही जळजळ थांबेना. थंडी वाजून ताप भरला, कंबर दुखू लागली. अक्कांच्या मनात पाल चुकचुकली. "गौरीशंकरनं नकली माल दिला," असं त्या म्हणाल्या. त्यांचा मुलगा शिवानंद दुकानात जाऊन चार माणसांत त्याला नाही नाही ते बोलून आला. तरी संशय मिटेना. मला उघडून, हुंगून अक्कांनी सुनेला विचारलं, "शिवरंजनी, तू तर गोळ्या बदलल्या न्हाईस न्हवं?"

शिवरंजनीचा चेहरा उतरला. पण तिनं मला पिशवीत घातलं, सासूला रिक्षात बसवलं आणि तुळजापुरातला दवाखाना गाठला.

तिथं डॉक्टर दीपालींनी माझ्यातल्या गोळ्या नीट पाहिल्या, लघवी तपासून घेतली. "अक्का, गोळ्या खऱ्याच आहेत," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही दरवेळी अर्ध्यावर सोडल्या. दुबळे जंतू मेले, चिवट तेवढे वाढले. आता ते ह्या गोळ्यांना दाद देत नाहीत. संसर्ग मूत्रपिंडापर्यंत पोचलाय, इंजेक्शनं घ्यावी लागतील."

अक्कांनी डोळे बारीक केले. "इंजेक्शन तरी खरं हाय कशावरून?"

डॉक्टरांनी बाटली पुढं केली. "वरचं नाव, तारीख सुनेकडून वाचून घ्या."

"हिच्याकडनं?" अक्कांनी शिवरंजनीकडे बघितलं; हिनंच तर रिक्षात बसवून इथवर आणलं होतं. मग हळूच बाटली तिच्या हातात देत म्हणाल्या, "वाच बाई. तुझ्यावरच भरवसा ठिवते."

ताप उतरल्यावर अक्का घरी निघाल्या होत्या. शिवरंजनीनं त्यांना हलू दिलं नाही, शेवटचं इंजेक्शन होईपर्यंत. गावात परतल्यावर अक्का आधी मेडिकलवर गेल्या. "म्या उगंच बोल लावला बाबा," त्या म्हणाल्या. गौरीशंकर मान खाली घालून म्हणाला, "म्या बी चिठ्ठी न बघताच देत व्हतो की, अक्का."

मित्रांनो, डॉक्टरांनी दिलेलं औषध सांगितलं तितकं पुरं घ्या, आणि न विचारता कधीच घेऊ नका. संशय माणसांवर घेऊ नका. घ्यायचाच असेल, तर देवळीत गप्प बसलेल्या माझ्यासारख्या डब्यावर घ्या.